पिशवीचा दुसरा कप्पा

रूथबाई पाटोळ्यांची शिट्टी कोल्हारच्या बाजारतळापर्यंत ऐकू यायची. शाळेची घंटा कधी आधी वाजे, कधी उशिरा. ती वाजवणाऱ्या शिपायाच्या मर्जीवर सगळं असायचं. शिट्टीचं तसं नव्हतं. ती झाली की गावातले लोक घड्याळं लावत, आणि मी घाईघाईने चहाचा कप खाली ठेवत असे. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. बाई खेळ शिकवायच्या. माझ्या तासाला मुलं जांभया देत आणि त्यांच्या तासाला जाण्यासाठी दप्तरं तुडवत पळत, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्यांच्यावर जळायचो. पुढे जळण्यात काही अर्थ नाही हे कळलं.

बाई लहानपणी नगरला मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. तिथल्या मडमेने त्यांच्या हातात हॉकीची काठी दिली ती कायमची. उंच, हाडाच्या मजबूत, रंगाने काळ्या. नऊवारी नेसत नसत, पण पाचवारीचा पदर असा काही खोचत की पुरुषांनी धोतरं सावरावीत. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, त्यांना दर रविवारी चर्चमधून आल्यावर खडू लावायच्या. मुलगा पडला की जवळ जात नसत. लांबूनच म्हणत, "पडलास? बरं झालं. आता जमीन कळली. ऊठ." रडणाऱ्याला त्या कधी गप्प बस म्हणाल्या नाहीत. "रड, पण पळता पळता रड," एवढंच. ती मुलं खरंच रडत रडत पळायची आणि दुसऱ्या फेरीपर्यंत हसायला लागायची.

मैदानाच्या उत्तरेला सखूआत्याचं घर होतं. ही सगळ्या गावाची आत्या. तिच्या अंगणात चेंडू गेला की तो गेला. आत्या तो उचलायची, घरात न्यायची आणि कडी लावायची. "माजी कौलं फुटत्यात, त्येची भरपाई तुमचा हेडमास्तर देनार हाय का?" हा प्रश्न ऐकला की आमचे हेडमास्तर ऑफिसची खिडकी लावून घेत. बाई आणि आत्या यांचं त्यामुळे वर्षानुवर्षं हाडवैर. दोघी एकमेकींना बाजारात टाळून जात, आणि मेथीच्या जुडीवर दोघींचा हात एकदम पडला तर दोघी ती जुडी सोडून देत.

बहात्तरच्या पावसाळ्याने पाठ फिरवली त्या साली बाईंचा धाकटा भाऊ दानिएल इथिओपियात मास्तर होता. तेव्हा आपल्याकडची बरीच शिकलेली मंडळी तिकडे शिकवायला जात. त्याने बहिणीला कळवलं की त्याच्या डोंगरातल्या शाळेची पोरं फुटबॉल असा खेळतात की बघत राहावं, पण चेंडू चिंध्यांचा आणि पाय अनवाणी. होळीच्या सुमाराला तिथे शाळाशाळांचे सामने असतात. बूट नसतील त्या संघाला मैदानात उतरू देत नाहीत. दर वर्षी ही पोरं दोरीबाहेर उभी राहून दुसऱ्यांचे सामने बघतात.

ते वाचून बाई माझ्या वर्गात आल्या, तास चालू असताना. "सर, इथिओपिया दाखवा."

मी नकाशावर बोट ठेवलं. त्या बराच वेळ मधल्या समुद्राकडे बघत राहिल्या. "दोरीबाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते मला विचारा," त्या म्हणाल्या. "बोर्डिंगात जायच्या आधी मी गावच्या विहिरीबाहेर उभी राहत होते, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून." मग मुलांकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कोणाकोणाचे बूट आखूड झालेत?"

तिथून ते वेड सुरू झालं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, इथं लोक खडी फोडायला जाताहेत, रेशनवर मिलोची लाल परदेशी ज्वारी खाताहेत, आणि तुम्ही परदेशात बूट पाठवणार?" बाई म्हणाल्या, "बूट खाता येत असते तर पाठवले नसते." यावर हेडमास्तरांनी परवानगी दिली की तोंड फिरवलं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, पण शाळेच्या मागच्या खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला आली.

जुन्या वस्तू घेताना बाईंचा एकच नियम होता. "उद्या आपल्याच पोराला देताना हात आखडणार नाही, अशीच वस्तू द्या. जुनी चालेल, मेलेली नको." साखर कारखान्याच्या क्लबातून एक साहेब तार तुटलेली रॅकेट घेऊन आले, फोटोग्राफरलाही सोबत घेऊन. बाईंनी रॅकेट हातात घेतली, तिच्या भोकातून साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माशा मारायला घरी ठेवा, साहेब." साहेब गोरेमोरे झाले. पण माणूस दिलदार असावा, कारण आठवड्याने त्यांनी दोन चांगले फुटबॉल पाठवले, आणि फोटोग्राफर न पाठवता.

भिंगारच्या छावणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी जुने फुटबॉलचे बूट मिळवून दिले. प्रत्येक जोड बाई स्वतः घालून बघत. लष्करी माणसाचे बूट, आत चिंध्या कोंबलेल्या, वर पाचवारीचा घोळ, आणि बाई मैदानाला फेरी मारताहेत! तळ उसवला की बूट बाजूला. गाव कुंपणाला टेकून बघायचं. मीही बघायचो आणि हसायचो. एकदा त्या माझ्यासमोर थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, "सर, तुमच्या पायाचं माप काय?" तेव्हापासून माझीही फेरी सुरू झाली. मला धावता येत नाही हे त्या दिवसापर्यंत फक्त मला माहीत होतं.

एका सकाळी सखूआत्या डोक्यावर मोठी पाटी घेऊन मैदानात उतरली. पोरांनी हातातले चेंडू पाठीमागे लपवले. आत्याने पाटी बाईंच्या पायाशी ओतली. टेनिसचे, रबराचे, दोन चामड्याचे आणि एक व्हॉलीबॉल. वर्षानुवर्षं जप्त केलेले सगळे चेंडू.

"घ्या," आत्या म्हणाली. "माज्या घरात कोन खेळनार हाय? उंदरं?"

बाईंनी एक चेंडू उचलून पदराला पुसला. मग त्यांनी विचारलं, "आत्या, हे ज्यांना जायचंय ती पोरं कुठली, ठाऊक आहे का?"

मला भूगोल पाजळायची संधी मिळाली. मी म्हणालो, "आत्या, निजामशाहीत नगरच्या किल्ल्यासाठी लढलेले हबशी सरदार होते ना, त्यांच्या मुलखातली."

आत्याने रिकामी पाटी काखेत मारली. "म्हंजी सोयरंच की वो! मंग आदी का न्हाई सांगितलं?"

आत्या आली आणि तिच्यामागे गावातल्या बाया आल्या. खडी फोडून आलेल्या, हाताला फोड असलेल्या बाया. बाईंनी त्यांना एकच काम सांगितलं: प्रत्येक जोडीला जुन्या कापडाची एक पिशवी शिवायची, म्हणजे बूट एकमेकांना घासणार नाहीत. बायांनी जुनी लुगडी फाडली. आत्याने तिच्या हिरव्या इरकली लुगड्याची पिशवी शिवली आणि त्याचाच लाल काठ तिच्या तोंडाला लावला. प्रत्येक पिशवीला आतून दुसरा एक छोटा कप्पा होता, वरून टाके घालून बंद केलेला. बाईंनी तो चाचपून पाहिला. आत काहीतरी होतं. "हे काय?"

"नाड्या," आत्या म्हणाली. "बुटाच्या. जादाच्या." बाकीच्या बाया जमिनीकडे बघत होत्या.

बाईंनी विश्वास ठेवला. खेळाची माणसं अशा बाबतीत भोळी असतात. पेटीला खिळे मारले, मी वर ठळक अक्षरात बंदराचं नाव लिहिलं, मसावा. ट्रकवर पेटी चढली तेव्हा बाईंनी लांब शिट्टी दिली आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं एकदाचं.

पंधरवड्यात, पेटी बोटीवर चढवून देणाऱ्या मुंबईच्या दलालाची तार आली. पेटी गोदीत अडवली आहे, समक्ष या.

तारेची बातमी बाईंच्या आधी गावभर पोहोचली होती. पारावर कोणीतरी म्हणालंच, "अडवली कसली! भंगारात गेली असंल. आफ्रिकेच्या नावानं कुनाचं तरी भलं झालं." बाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. गाव त्यांच्या एका शब्दावर आपल्या वस्तू देऊन बसलं होतं, आणि तिकडे होळी जवळ येत होती. स्टाफरूममध्ये त्या माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाल्या, "सर, पेटी गेली नाही तर या गावात मी कुणाला 'ऊठ' म्हणू?"

हेडमास्तरांनी माझी रजा मंजूर केली ती मला बाईंची काळजी आहे असं समजून. मला मात्र माझीच काळजी होती. कस्टम या शब्दाने मला घाम फुटतो. मनमाडहून गाडी पकडून आम्ही मुंबईला पोहोचलो. गोदीतल्या शेडमध्ये आमची पेटी उघडी पडली होती आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून कस्टमचे साहेब बसले होते. बोलण्यावरून कोकणातले वाटले. त्यांच्यासमोर टेबलावर एक पिशवी होती, दुसऱ्या कप्प्याचे टाके उसवलेली. टेबलावर मूठभर शाळू ज्वारी, थोडे शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा.

"बाई, तुम्ही लिहून दिलंय खेळाचं जुनं सामान," साहेब म्हणाले. "हा कुठला खेळ?"

बाईंनी दुसरी पिशवी उचलली, टाके उसवले. शाळू. तिसरी. तीळ आणि शाळू. चौथीत नुसताच शाळू, पण मुठी जरा मोठ्या. बाई पेटीच्या कडेवर टेकल्या.

मला लगेच उमगलं, कारण माझ्या आईनेही हेच केलं असतं. आमच्याकडे कुणाच्या घरचा डबा रिकामा परत जात नाही, सोयऱ्याच्या घरी पिशवी रिकामी जात नाही. हबशी सोयरे ठरल्यावर पिशव्या रिकाम्या जातील कशा? आणि पायताणाला अन्न शिवू नये म्हणून हा वेगळा कप्पा. घरात स्वतः मिलोच्या लाल भाकऱ्या खाऊन बायांनी कणगीच्या तळाचा शाळू त्यात घातला होता. मिलो कुणीही घातला नव्हता. परदेशातून आलेलं धान्य परत परदेशात पाठवणं त्यांना शोभलं नसतं.

मी हे साहेबांना जमेल तसं सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. "मास्तर, मला समजतंय. माझी आई सुद्धा..." त्यांनी चष्मा परत लावला. "पण या साली देशातून धान्याचा दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही असा हुकूम आहे. सगळं काढा. एकही दाणा राहता कामा नये. मग पेटी सोडतो, आजच्या आज. उद्याची बोट चुकली तर पुढची महिन्याने."

बाई उठल्या. पदर खोचला. आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक कप्पा उसवायला लागलो. शेडमधले हमाल बघत होते. साहेबांचा शिपाई झाडू घेऊन आला आणि बाई त्याच्यावर कडाडल्या, "झाडू लावायचा नाही! हे अन्न आहे." त्यांनी अंगावरची शाल पसरली आणि सगळं तिच्यावर ओतलं. हिरव्या इरकलीच्या, लाल काठाच्या पिशवीतला ढीग बाकीच्यांपेक्षा मोठा होता. बाईंनी तो ओंजळीत घेतला आणि तशाच बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एक म्हातारा हमाल पुढे आला. त्याने दोन दाणे उचलून दाताखाली धरले. "बाई, ही आपल्याकडची मालदांडी ज्वारी हाय. तुमी कुठलं?"

"कोल्हार. तुम्ही?"

"तिसगाव. दुस्काळानं आलो, सारा कंपू तिकडचाच हाय. हितं मिलोच खातोय." तो शाल बघत होता, पण मागत नव्हता.

बाईंनी शालीची चारी टोकं बांधली आणि गाठोडं त्याच्या डोक्यावर ठेवलं. "घ्या. सोयऱ्यांसाठी निघालं होतं, सोयऱ्यांनाच पोचलं." म्हाताऱ्याने गाठोडं उतरवून कपाळाला लावलं. मग त्याने हाक मारली, आणि तिसगावकडच्या त्या हमालांनी पिशव्या झटकल्या, बूट भरले, पेटी बघता बघता बंद करायला घेतली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "रिकाम्या नाही जायच्या. एक तरी भरलेली जाऊ दे." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि आत्याच्या पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात घातली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता हे काय?"

"खेळाचं सामान."

"वाजवून दाखवा."

बाईंनी शिट्टी काढून वाजवली. कोल्हारच्या बाजारतळापर्यंत पोहोचणारी शिट्टी ती. गोदीतले हमाल होते तिथे थांबले, दूरचा एक ट्रकही थांबला. साहेबांनी कानावरचे हात काढून शिक्का मारला. पेटी बोटीकडे निघाली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी बाईंना म्हटलं, चला, चहा घेऊ, आणि पैसे मी दिले. स्टाफरूममध्ये हे कुणालाही खरं वाटलं नाही.

गावात परतल्यावर बाई थेट सखूआत्याच्या दारात गेल्या. मी मागे. बाईंनी काही लपवलं नाही. आत्याचा चेहरा तापला. "म्हंजी रिकाम्या धाडल्या? लोकांच्या पोरांकडं?"

"तुमच्या पिशवीत माझी शिट्टी आहे. बाकी रिकाम्या. शाळू तिसगावच्या हमालांना दिला. तेही मिलो खात होते."

आत्या बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "खाल्ला का त्येंनी?"

"कपाळाला लावून घेतला."

"मंग रिकामं न्हाई गेलं." तिने पाट सरकवला. "बसा. भाकर मिलोची हाय, पन ऊन हाय." दोघी वैरिणी एका ताटात जेवल्या, आणि मी दारात उभा राहून आपल्याला कोण विचारतंय याची वाट बघत होतो.

होळी गेली. पेटीचं काही कळलं नाही. पारावरचं तोंड अधूनमधून उघडायचं. बाई शिट्टीविना शिकवायच्या, तोंडात दोन बोटं घालून. ती शीळ शिट्टीपेक्षा भयंकर होती, पण तिच्यात पूर्वीचा जोर नव्हता हे आम्हाला जाणवायचं. दानिएलच्या पत्रांत प्रकृतीचं असायचं, पाण्यापावसाचं असायचं, पेटीचं नसायचं. बाई विचारत नव्हत्या. भीती वाटते, असं त्या मला एकदा स्पष्ट म्हणाल्या.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. प्रवरा भरून वाहत होती आणि पोळ्याचे बैल रंगवणं चाललं होतं, तेव्हा दानिएल रजेवर आला. एसटीतून उतरून तो घरी न जाता मैदानावरच आला. बाई मुलांना धावायला लावत होत्या. त्यांनी भावाला पाहिलं आणि तिथूनच विचारलं, "पोचली का?"

"पोचली की! होळीच्या आधी पोचली. मी पत्रात लिहिलं नाही, म्हटलं समक्ष सांगू."

"समक्ष सांगू!" बाईंनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. मग त्याच पाठीवर डोकं टेकून त्या हसायला लागल्या, रडायला लागल्या. पळता पळता नव्हे, उभ्या उभ्या. मुलं धावायची थांबली होती, त्यांना कुणी ओरडलं नाही. मी कुंपणाला धरून मोठ्याने हुश्श म्हणालो.

"जिंकले का?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"पहिल्याच सामन्यात हरले, ताई. सणसणीत हरले. पण दोरीच्या आत हरले."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आता जमीन कळली."

दानिएलने बॅगेतून एक पिशवी काढली. हिरवी इरकल, लाल काठ. सखूआत्या तोवर अंगणातून आली होती. तिने ती हिसकावूनच घेतली. त्या पिशवीतले बूट घालून खेळणाऱ्या पोराच्या आईने ती परत पाठवली होती. शाळूची गोष्ट दानिएलने तिला सांगितली होती. दुसरा कप्पा टाके घालून बंद होता, आणि टाके आत्याचे नव्हते. त्यांच्यातही पिशवी रिकामी परत जात नाही म्हणे. शिट्टी मात्र त्या पोराच्या गळ्यात आहे, ती मागू नकोस, असं दानिएलने बहिणीला बजावलं.

आत्याने दातांनी दोरा तोडला. आत हिरवट, गुळगुळीत दाणे. तिने वास घेतला, मूठभर ओच्यात घेतले आणि बाकीचे गावातल्या बायांना चिमूट चिमूट वाटायला निघाली. दानिएल मागून ओरडत होता, पण आत्या ऐकते कुठली! दुसऱ्या दिवशी ती तणतणत शाळेत आली. "सकाळपास्नं उसळ शिजतीय, दात लागंना! कसलं कडधान्य हाय ह्ये?"

कॉफी होती ती. दानिएलने बायांकडे उरलेले दाणे गोळा करून आत्याच्याच तव्यावर भाजले. तो वास मैदानभर पसरला, पारापर्यंत गेला, आणि पारावरची मंडळी काय शिजतंय ते बघायला आली. त्यांनाही कपातून दिलं. ज्याने भंगाराचं काढलं होतं त्याने तोंड वाकडं केलं, पण कप रिकामा केला.

पुढे माझी बदली संगमनेरला झाली आणि कोल्हार सुटलं. बऱ्याच वर्षांनी नगरला जाताना एसटी कोल्हारला थांबली. खिडकीतून मैदान दिसत होतं. बाई निवृत्त झालेल्या असणार, केस पांढरे होते, पण पदर तसाच खोचलेला. दोन बोटं तोंडात घालून त्या कुणाच्या तरी पोरांना पळवत होत्या. खांद्याला आत्याची ती हिरवी पिशवी, काठ विटून गुलाबी झालेला. सखूआत्याच्या अंगणात चेंडू गेला. तिकडून आत्याची काठी आधी दिसली, मग चेंडू हवेतून परत आला.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि गाडी सुटली. बाईंना मी दिसलो नाही. पिशवीचा दुसरा कप्पा फुगलेला होता. आत काय होतं ते मला कळलं नाही, पण तो रिकामा नव्हता, आणि नगर येईपर्यंत मी त्याच आनंदात होतो.